झाकण उघडायचं नाही

आखाडातल्या रविवारी आमच्या यमुनानगरात वाऱ्याची दिशा कळायला वेधशाळा लागत नाही. दोरीवरून काढलेल्या कुणाच्या टॉवेलला धुराचा वास येतोय, एवढं विचारलं की झालं. पूर्वेच्या घरांना येत असेल तर वारा नेहमीचा, पवन मावळातून आलेला, पश्चिमेचा. आमच्या टॉवेलला येत असेल तर वारा फिरला. म्हणजे नाना आज कुणाशी धड बोलणार नाहीत आणि जेवण चारच्या आत मिळणार नाही.

नाना म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले निवृत्त टूलरूमवाले. तसे ते एकटे नाहीत. निगडीपासून चाकणपर्यंत जिथे माणसाला स्वतःची गच्ची आहे आणि हाताला वेल्डिंगची सवय आहे, तिथे एक तरी नाना सापडतो. कुठे त्याला आप्पा म्हणतात, कुठे तात्या. चाकणच्या नव्या सोसायट्यांत ‘सर’ म्हणतात. कुकर पाच-सहा शिट्ट्यांत जे काम उरकतो त्याला उघड्यावर आठ तास घालवणारा, आणि आठ तासांनी “आज लवकर झालं” म्हणणारा हा प्राणी. तो स्वयंपाकी नव्हे. घरात त्याला साधा चहा जमत नाही. साखरेचा डबा कुठला, एवढं त्याने विचारलं की काकू मुकाट्याने उठतात आणि आधण ठेवतात. पण तेच मटण गच्चीवर, धुरात करायचं म्हटलं की त्याच्या अंगात आयएसओ संचारतो.

नाना कळायला आधी गुरुवार कळावा लागतो. ते जळगावकडचे. आयटीआय करून 1984 साली भोसरीला आले आणि एका टूलरूममध्ये डाय-फिटर म्हणून लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार दिले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. दुरुस्तीसाठी वीज घालवायची तीही गुरुवारीच. कागदावर व्यवस्था चोख. पण गुरुवार कुणाचा? दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा. त्या दिवशी घरात अंडंसुद्धा फुटत नाही. म्हणजे अख्खं जग रविवारी नळी ओढत असताना नाना फर्स्ट शिफ्टला, आणि नानांना सुट्टी तेव्हा ताटात मेथी. रविवारी संध्याकाळी ते घरी पोचेपर्यंत पातेल्यात रस्सा उरलेला असायचा आणि मानेचे दोन तुकडे. “नोकरीभर मी रविवारची नळी पाहिली नाही भो,” हे ते अजून सांगतात, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात बोनस बुडाल्याचं दुःख असतं.

निवृत्तीनंतर त्यांनी सगळ्यात आधी रविवार ताब्यात घेतला.

तो कसा वापरायचा हे मात्र त्यांना ह्यूस्टनला कळलं. मुलगा तिथे आहे. सहा महिन्यांच्या मुक्कामात माणसाला करायला काय असतं? नानांनी शेजाऱ्याच्या परसातलं धुराडं बघितलं. शेजारी पहाटेपासून त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. टेक्सासात हे धर्मकार्य आहे. गाईच्या छातीचा अख्खा ऐवज दहा-बारा तास मंद धुरात ठेवतात. नानांनी तो घास खाल्ला नाही, खाणं शक्यच नव्हतं. पण धुराड्याचा व्यास वितीने मोजला, हवेची भोकं मोजली, झाकणाचा बिजागर कसा बसवलाय ते गुडघ्यावर बसून बघितलं आणि सूनबाईंना म्हणाले, “ह्याच्यात काही नाही. हे आपल्याकडे कुदळवाडीत होतं.”

कुदळवाडी म्हणजे चिखलीजवळची भंगाराची पंढरी. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली गोदामं आणि पत्राशेड पाडली. तिथे वारंवार आगी लागायच्या, त्यामुळे बऱ्याच लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नाना मात्र त्या दिवशी जेवले नाहीत म्हणतात. त्यांचा बॅरल त्याआधी कधीतरी तिथूनच आला होता, आणि तो आणण्याचा प्रसंग ते इतक्यांदा सांगतात की तो मला आता पाठ आहे.

“आधी काय भरलं होतं?” नाना विचारतात.

“काही नाही साहेब, धुवून ठेवलाय,” भंगारवाला.

“धुतलाय हे दिसतंय. काय होतं म्हणून धुतलास?”

या प्रश्नावर म्हणे आधीची सहा दुकानं गप्प झाली. रंग, थिनर, कूलंट, क्वेंचिंग ऑइल, यातलं काहीही ज्यात होतं तो बॅरल फुकट दिला तरी नको. सातव्याकडे आमरसाचा निघाला. आंब्याचा गर निर्यात होतो तो असल्याच लोखंडी बॅरलमधून, दोनशे लिटरच्या. पण लोखंडाला तो लागत नाही. आत निर्जंतुक पिशवी असते, गर पिशवीत आणि पिशवी बॅरलमध्ये. तरीही नानांनी त्यात तीन वेळा लाकडं पेटवून आतला लेप जाळला, घासला, पुन्हा जाळला. जाळी बाजारात गॅल्व्हनाइझची स्वस्त मिळत होती, ती घेतली नाही. जस्त तापलं की त्याचा धूर छातीत जातो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो, हे वेल्डरना पुस्तकात वाचावं लागत नाही. जाळी 304 स्टेनलेसची. दुकानदाराच्या शब्दावर नाही. खिशातलं चुंबक लावून, ते चिकटलं नाही तेव्हा. खाली हवेसाठी इंचाचे तीन बॉल व्हॉल्व्ह. झाकणाला धुरांडं. आणि तापमानासाठी भट्टीतून निवृत्त झालेला के-टाइप थर्मोकपल, ज्याचा डायल 1200 अंशांपर्यंत जातो. नानांना त्यातले 110 ते 120 एवढेच लागतात.

आता वारा.

हा उद्योग थंडीत केला तर सुखाने होईल. जानेवारीत इथे हवा पडलेली असते, आकाश निरभ्र, पाहुणे खुशीत. नाना थंडीतही करतात, पण कंटाळत. “सगळं सेट आहे. हँडल फिरवायचं नि बसायचं. ह्याला काय काम म्हणतात?” त्यांचा खरा मोसम आखाड, आणि त्यातही काकूंनी आखून दिलेला तुकडा. काकू माळकरी. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते त्या दिवसापासून आषाढी एकादशी होईपर्यंत बॅरलला कुलूप, किल्ली काकूंच्या कमरेला. पुढे अमावास्या झाली की श्रावण. म्हणजे वर्षातल्या या खास हंगामाला हाती लागतात दोन, फार तर तीन रविवार. आणि नेमक्या त्याच दिवसांत घाटावरून असा वारा सुटतो की गच्चीवरच्या टाकीचं झाकण शेजारच्या वॉर्डात सापडावं.

शनिवारी संध्याकाळपासून नाना हवामान बघायला लागतात. मोबाइलवर तीन ॲप आहेत, तिघांवर अविश्वास सारखाच. विश्वास आहे तो भक्ती-शक्ती चौकातल्या ध्वजस्तंभावर. 107 मीटरचा तो खांब त्यांच्या गच्चीवरून दोन इमारतींच्या फटीत दिसतो. झेंडा सुस्त असेल तर उत्तम, ताठ असेल तर तयारीत राहा, आणि झेंडा चढवलेलाच नसेल तर वारा इतका आहे की सरकारसुद्धा घाबरलंय. रविवारी पहाटे त्यावर स्थानिक चाचणी होते. गच्चीच्या चार कोपऱ्यांत चार अगरबत्त्या लावून नाना मधोमध उभे राहतात आणि धूर कुठे जातो ते बघतात. समोरच्या बंगल्यात नव्याने राहायला आलेल्या आजींनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात जोडले होते.

वाऱ्यावर त्यांचं एक व्याख्यान आहे. ते ऐकल्याशिवाय कुणालाही प्लेट मिळत नाही, तेव्हा तुम्हीही ऐका. वारा दोन्हीकडून मारतो. बाहेरून तो बॅरलच्या पत्र्याची ऊब ओरबाडून नेतो, म्हणून आत तापमान पडतं आणि कोळसा दीडपट लागतो. आणि तोच वारा खालच्या व्हॉल्व्हमधून आत घुसला की निखारे फुलतात आणि तापमान एकदम चढतं. एकच शत्रू, एकाच मिनिटाला थंडही करतो आणि तापवतोही. म्हणून वाऱ्याकडचे दोन व्हॉल्व्ह पूर्ण बंद, आडोशाकडचा एकच पाव उघडा. बॅरलला वेल्डिंगचं ब्लँकेट गुंडाळायचं. आणि पश्चिमेला भिंत उभी करायची.

ही भिंत चाकणच्या पॅलेटची. तिकडच्या गोदामांत परदेशातून सुटे भाग येतात ते देवदारी फळ्यांच्या पॅलेटवर. त्या रिकाम्या झाल्या की गल्लीतला एक पोरगा टेम्पोने आणून देतो. नाना आधी प्रत्येकावरचा शिक्का वाचतात, चष्मा कपाळावर चढवून, नाक लाकडाला लावून. गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची अक्षरं, आणि शेवटी ‘एचटी’ किंवा ‘एमबी’. एचटी म्हणजे आतला कीडा मरावा म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर तीस मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबी गच्चीवर चढतच नाही, जिन्यातूनच परत. एचटी चढतं, पण भिंतीपुरतंच. कुणी म्हणालं, “नाना, हेच जाळा की, एवढं फुकटचं लाकूड,” तर ते त्याच्याकडे रिजेक्ट झालेल्या जॉबकडे बघावं तसं बघतात. देवदारात राळ असते, तिची काजळी मटणावर बसते आणि तोंड दोन दिवस कडू. जाळायचा आंबा. चिंचेचा कोळसा. आणि मिळालीच तर पेरूची फांदी. ती कुणाच्या परसातून मिळते हे मी इथे लिहिणार नाही.

सकाळी आठला निखारे पडतात. शनिवारी रात्रीच मीठ लावून, जळगावहून आलेला काळा मसाला आणि लसूण चोळून ठेवलेली बोकडाची अख्खी रान साडेआठला जाळीवर जाते. झाकण बसतं. आणि त्या क्षणापासून नानांच्या तोंडी दोनच वाक्यं राहतात. पहिलं, “झाकण उघडायचं नाही.” दुसरं, “अजून वीस मिनिटं.”

पहिलं वाक्य पाहुण्यांसाठी आहे. पाहुण्याला बघायचं असतं. त्यात त्याचं काही चुकत नाही. तो केव्हाचा उपाशी बसलेला असतो आणि समोर एक बंद पिंप असतं. पण झाकण एकदा उचललं की आतली सगळी कमाई वाऱ्यावर जाते आणि ती परत मिळवायला वीस मिनिटं लागतात. एकदा एका भाच्याने नाना खाली गेल्याचं बघून झाकण जरासं, अगदी दोन बोटं, उचललं होतं. नानांनी वर येऊन डायल पाहिला, एक शब्द न बोलता वही काढली, त्यात वेळ आणि भाच्याचं नाव लिहिलं. भाचा आता पुण्याला शिकायला आहे. अजून त्या नोंदीची आठवण काढली की बावरतो.

ती वही बघण्यासारखी आहे. डावीकडे वेळ, मग आतलं तापमान, मटणाचं तापमान, व्हॉल्व्ह किती उघडा, वाऱ्याची दिशा आणि शेवटी ‘शेरा’. शेऱ्यात बहुतेक वेळा ‘वारा’ एवढाच शब्द असतो. कधीकधी ‘वारा!!’ एका ठिकाणी नुसतं ‘काय बोलणार’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे.

झोत आला की नानांना बघावं. डायल 112 वर शांत असतो. गप्पा चाललेल्या असतात, कुणीतरी महापालिकेच्या निवडणुकीवर आलेलं असतं. पॅलेटच्या भिंतीत एक फळी टकटक करते. नानांचं वाक्य अर्ध्यावर थांबतं. 118. हात व्हॉल्व्हवर. 124. “थांब,” हे ते वाऱ्याला म्हणतात. 131. व्हॉल्व्ह तीळभर फिरतो. तीळभर म्हणजे खरंच तीळभर, या माणसाने आयुष्यभर शतांश मिलिमीटरमध्ये काम केलंय. धुरांड्यातून येणारा धूर मघापर्यंत दिसत नव्हता, त्याच्या पलीकडची पाण्याची टाकी नुसती थरथरताना दिसायची. चांगल्या धुराची ती खूण. आता तो पांढरा आणि दाट होऊन येतो, म्हणजे आग गुदमरली. ह्या धुराचं मटण कडवट होणार. व्हॉल्व्ह पुन्हा केसभर उघडतो. 119. 109. आता 97, कारण झोत गेला आणि जाताना पत्र्याची ऊब घेऊन गेला. ब्लँकेट आवळलं जातं. दोन निखारे चिमट्याने सरकतात. 104. 111. नाना बसतात आणि अर्धवट राहिलेलं वाक्य, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत, जिथून सुटलं होतं तिथून पुरं करतात. मधल्या वेळात निवडणूक कुणी जिंकली तरी त्यांना फरक पडत नाही.

दुपारी दीडच्या सुमाराला मटण 68 वर अडकतं. हा रोजचा प्रकार. मांसातलं पाणी वर येऊन वाळत राहतं, घाम वाळताना अंग गार पडतं तसं ते स्वतःलाच गार ठेवतं. आग आहे, वेळ आहे, काटा हलत नाही. तास जातो, कधी दीड. नवखे पाहुणे इथे खचतात. कुणी घड्याळ बघतो, कुणी हळूच बायकोला फोन करून पोळ्या उरल्यात का विचारतो. जुने पाहुणे येतानाच घरून पोहे खाऊन येतात. नानांच्या चेहऱ्यावर मात्र या तासात कमालीचं समाधान असतं. मग रान बाहेर निघते, केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळून पुन्हा आत जाते. केळीचं पान हे जळगावकराने टेक्सासवर केलेलं कायझेन. अख्ख्या प्रक्रियेत नाना एवढ्याच एका बाबतीत फुशारकी मारतात.

गच्चीवरची मंडळी ठरलेली. फोर्जिंग शॉपमधले एक आप्पा आहेत. हजार-बाराशे अंशांवर आयुष्य काढल्यामुळे त्यांना 110 हा ताप वाटतच नाही. “एवढ्यात तर आमचा डबा गरम व्हायचा,” हे ते दर रविवारी म्हणतात आणि नाना दर रविवारी दुर्लक्ष करतात. स्टोअर्समधले एक गृहस्थ आहेत, ते गुरुवार कडक पाळतात आणि बाकीच्या वारांना त्याची भरपाई करतात. आणि चाकणला ऑटोमेशनमध्ये असलेला एक तरुण इंजिनिअर, समोरच्याच गल्लीतला. त्याने एकदा मोठ्या उमाळ्याने सांगितलं की आता विजेवरचं यंत्र मिळतं. लाकडाच्या गोळ्या आपोआप पडतात, पंखा आपोआप वारा देतो, पीआयडी कंट्रोलर एका अंशाच्या आत तापमान ठेवतो आणि मटण झालं की मोबाइलवर निरोप येतो. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं. क्लोज्ड लूपबद्दल दोन चांगले प्रश्नही विचारले. मग म्हणाले, “उत्तम आहे. पण मग तुम्ही काय करणार?”

पोराला उत्तर सुचलं नाही. पुढच्या रविवारपासून अगरबत्त्या तोच लावतो.

तक्रारी होतात, नाही असं नाही. पूर्वेकडच्या बाईंचे पापड एकदा धुरकटले. त्यांनी ते फेकले नाहीत, आणि पुढच्या वर्षी वारा कुठला आहे ते विचारून वाळत घातले, यावरून काय समजायचं ते समजावं. माझी स्वतःची तक्रार वेळेची आहे. नाना एकच्या जेवणाला बोलावतात. त्या ‘एक’चा अर्थ चार हे सगळ्यांना माहीत आहे, पण चारला गेलं तर वाईट वाटतं त्यांना. ते म्हणतात, “तुम्ही जेवायला आलात, बसायला नाही.” म्हणून आम्ही एकला जातो, आणि तीन तास एका बंद पिंपाभोवती वर्तुळ करून बसतो. वाईट गोष्ट अशी की या तीन तासांत आमच्या जितक्या गप्पा होतात तितक्या वर्षभरात होत नाहीत.

काकूंचं राज्य वेगळं. गच्चीवरचं भांडं खाली येत नाही, खालचं वर जात नाही. पण सकाळी, बॅरल पेटायच्या आधी, दुसऱ्या कोपऱ्यात वेगळ्या शेगडीवर नाना काकूंसाठी वांगी भाजतात. गावाकडून कपाशीच्या काड्यांचा भारा खास त्यासाठी येतो. खानदेशात भरिताचं वांगं असंच भाजतात, शेतात, काड्यांच्या जाळात, थंडीच्या वाऱ्याला पाठ करून. आणि धुराची पहिली अक्कल नानांना ह्यूस्टनला नाही, तिथेच आली असं माझं मत आहे. त्या वांग्यांना डायल नाही, वही नाही, व्हॉल्व्ह नाही. सालीचा रंग बघायचा आणि उलटायचं. नाना ती वीस मिनिटांत उरकतात आणि कधी चुकत नाहीत. मी एकदा हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. “ते भरीत आहे,” ते म्हणाले. विषय संपला.

आणि मटण? खरं सांगायचं तर दर वेळी जमत नाही. बोकडाच्या रानेत चरबी बेताची, त्यात वाऱ्याने आग एकदा चुकली की कडा चिवट होतात आणि धुराची कडवट चव घशात राहते. त्या दिवशी सगळे जरा जास्तच स्तुती करतात आणि रश्शाची चौकशी करतात. नाना फसत नाहीत. सोमवारी सकाळी ‘व्हाय-व्हाय’ होतं. मटण चिवट का? तापमान चढलं. का चढलं? हवा जास्त गेली. का गेली? व्हॉल्व्ह फिरवायला उशीर झाला. का झाला? आप्पांशी वाद घालत होतो. मूळ कारण: आप्पा. उपाय: आप्पांना वाऱ्याच्या बाजूला बसवणे. हा उपाय पुढच्या रविवारी अमलात आला, आणि आप्पांची तब्येत दणकट असल्यामुळे आडोसा म्हणून उपयोगीही पडला.

पण जमतं तेव्हा जमतं. बाहेरून काळीकुळीत साल, तिच्या आत बोटभर खोलीपर्यंत गुलाबी, आणि हाड धरून हलवलं की मांस आपण होऊन सुटतं. सोबत काकूंच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा. नाना स्वतः शेवटी बसतात. नळी त्यांची, त्यावर कुणी हक्क सांगत नाही.

2025 ला मात्र पंचांगाने दगा दिला. आषाढी अमावास्या आली 24 जुलैला, आणि त्या दिवशी वार होता गुरुवार. नोकरीभर मागे लागलेला गुरुवार निवृत्तीनंतर नेमका गटारीच्या दिवशी येऊन उभा राहिला, तेव्हा नाना दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी बुधवार ठरला. सगळे कामावरून येणार म्हणून रान दुपारी दोनला चढली. हिशेबाने दहाला ताटं. पण संध्याकाळी वारा असा उठला की पॅलेटची भिंत दोरीने बांधावी लागली. मधूनच भुरभुर पाऊस, ब्लँकेट ओलं. साडेनऊला मटण 71. साडेदहाला 76. अकराला नानांनी टॉर्च तोंडात धरून व्हॉल्व्ह फिरवला. पावणेबाराला 88 आणि गुंडाळीतून असा वास यायला लागला की आप्पांनीसुद्धा फोर्जिंगचा विषय काढला नाही.

तेवढ्यात स्टोअर्सवाले गृहस्थ उठून चपला शोधायला लागले. बारा वाजले की गुरुवार, आणि गुरुवार म्हणजे गुरुवार.

नानांनी चिमटा खाली ठेवला. “थर्ड शिफ्टचं प्रॉडक्शन कुठल्या तारखेला पडतं?”

“आदल्या,” गृहस्थ सवयीने बोलून गेले. स्टोअर्समध्ये त्यांनी ह्याच नोंदी केलेल्या.

“मग? सकाळी सातपर्यंत बुधवार आहे.”

गृहस्थ घुटमळले. कंपनीचा कायदा पटला, पण हा दत्ताचा मामला. निवाडा वरच्या कोर्टात गेला. जिन्याच्या तोंडाशी काकू भाकऱ्यांची दुरडी घेऊन उभ्या होत्या, गच्चीत पाऊल न टाकता. त्यांनी सांगितलं, आपल्यात वार बदलतो सूर्योदयाला, बाराच्या ठोक्याला नाही. बारा वाजता बदलतात त्या इंग्रजांच्या तारखा. मग त्या दुरडी ठेवून खाली गेल्या.

साडेबाराला काटा 93 वर आला. पान उलगडलं, हाड हलवलं, ते सुटलं. वहीत तारीख पडली 23 जुलै, थर्ड शिफ्ट. गृहस्थ पुन्हा बसले, अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनी मोबाइलवर सूर्योदयाची वेळ पाहिली आणि सहा वाजून गेल्यावर आहे म्हटल्यावर ताट पुढे केलं.

“मग एक नळी वाढा.”

नानांनी त्या रात्री, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, ती दिली.